येसबा मिस्त्रींचा कान

माझ्या दुकानाचं नाव येसबा मिस्त्रींच्या शेडच्या भिंतीवर सोळा वर्षं टांगलेलं होतं. कौतुकानं नव्हे. तारेला अडकवलेला एक तुटका एक्सल, त्याला बांधलेला पत्र्याचा तुकडा आणि त्या तुकड्यावर ऑइलपेंटनं तीन ओळी. गाडी कुठली, पार्ट किती दिवस चालला, कुठल्या दुकानातला. गाडी राधानगरीकडच्या दूधवाल्याची जीप, दिवस एकोणीस आणि दुकान माझं, शाहूपुरीतलं. त्या जीपमध्ये दुधाचे कॅन होते आणि कॅनांवर अकरा माणसं बसली होती, हे पत्र्यावर कुणी लिहिलं नाही. मी आजही ते सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

तरीही, कोल्हापुरात गाडीतलं कुणाला कळत होतं असं मला कुणी विचारलं, तर मी पहिलं नाव त्यांचंच घेतो. दुसरं नाव घ्यायला मला थोडा वेळ लागतो.

उद्यमनगरात दोन फाउंड्र्यांच्या मधल्या बोळात त्यांची शेड होती. यशवंत कांबळे हे नाव फक्त लाइटबिलावर. बाकी सगळ्यांना येसबा मिस्त्री. उंच, काटकुळा माणूस, खाकी शर्टाचं गळ्याचं बटणही लावलेलं. हात कोपरापर्यंत काळे, पण नखं कायम कापलेली. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती आणि रोज सकाळी पहिला पाना उचलण्याआधी ते तिच्या काचेवरची धूळ पुसत. उद्यमनगरात धूळ काही कमी नव्हती, त्यामुळे हे काम मनापासून करावं लागे.

ते फक्त फोर व्हीलच्या गाड्या घेत. बाकीच्या गाड्या आल्या की म्हणत, "ही रस्त्यावरची हाय. रस्त्यावरच्या मिस्त्रीकडं न्या." राधानगरी, दाजीपूर, भुदरगड इथल्या वाड्यांवर पावसाळ्यात चारी चाकांनी ओढणारी जीप नसेल तर दूध घरातच नासायचं, आजारी माणूसही घरातच राहायचा. तिकडच्या सगळ्या जीपा शेवटी येसबांच्या बोळात येत.

त्यांच्या दारात नंबर लागे. मोठ्या वायसरांवर, म्हणजे भोकाच्या लोखंडी चकत्यांवर, त्यांनी पंचानं आकडे ठोकलेले होते. आलेल्यानं एक वायसर घ्यायचा आणि थांबायचं. येसबांच्या वडिलांना गावातल्या ज्या मोठ्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलावं लागत होतं, त्या घरचे धाकटे मालक एकदा गाडी घेऊन आले. आल्या आल्या म्हणाले, "येसबा, आमची जरा आधी बघ."

येसबांनी वायसर पुढे केला. "सात नंबर हाय मालक. सावलीत बसा. च्या सांगतो."

मालक बसले. चहा आला, तो पिऊन झाला, सहा गाड्या झाल्या आणि मग सातवी झाली. येसबांनी गाडी नंबर आला तेव्हा घेतली आणि सगळ्यांची करत तशीच, जीव लावून केली. या विषयावर मी त्यांच्या तोंडून एक शब्द कधी ऐकला नाही. पण नंबर कुणासाठी मोडल्याचंही मी पाहिलं नाही. मी स्वतः दोनदा भांडून पाहिलं.

घासाघीस तर त्यांना चालतच नसे. माझा तो धर्मच. मी खांद्यावर गाड्यांच्या स्प्रिंगांचे पाटे वाहून धंदा उभा केला आहे. भाव पाडता आला नसता तर अजून पाटेच वाहत असतो. पण येसबांपुढे "काहीतरी कमी करा की" म्हणालं की ते काम थांबवायचे, रॉकेलच्या डब्यात पाने टाकायचे आणि एकेक पाना धुवायला बसायचे. सगळे पाने धुऊन होईपर्यंत गाडीला हात नाही. गप्प बसलं की धुणं थांबायचं.

भिंतीवर माझं नाव लागल्याचं मला एका गिऱ्हाइकानं हसत हसत सांगितलं. एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. दुकान उघडून मला तीन वर्षं झाली होती. मी त्या तुटक्या एक्सलच्याच खेपेतला एक नवाकोरा एक्सल खांद्यावर टाकला आणि तसाच बोळात शिरलो.

"कुणाला इचारून माझं नाव टांगलंसा?" मी दारातनंच ओरडलो.

गाडीखालून आवाज आला, "पावणं, आत येऊन वरडा. भाईर फाउंड्रीचा दणका हाय, तुमचं वरडणं वाया चाललंय."

मी आत गेलो. ते गाडीखालून बाहेर आले, माझ्या खांद्यावरचा एक्सल त्यांनी पाहिला आणि विचारलं, "ह्यो त्यातलाच व्हय?"

"त्यातलाच. बगा की. कुठं खोट दिसत्या ती दावा."

"दिसत न्हाय," ते म्हणाले.

त्यांनी छताच्या अँगलला तार बांधली. आधी एका मोडीत काढलेल्या जीपचा जुना, गंजलेला एक्सल त्या तारेला टांगला आणि छोट्या हातोडीनं टिचकी मारल्यासारखं मारलं. घंटेसारखा नाद निघाला आणि बराच वेळ रेंगाळला. मग माझा चकचकीत एक्सल टांगला आणि तसंच मारलं. ओल्या लाकडावर मारल्यासारखा आवाज आला आणि तिथंच मेला.

"ह्यो जुना बोलतोय. ईस वर्सं पळलाय, तरी बोलतोय. तुमचा मुका हाय."

"लोखंड बोलतंय व्हय?"

"बोलतंय की. तुमचा भट्टीतनं काढून घाईनं गार केलाय. आत चीर गेल्या. डोळ्याला दिसत न्हाय, पर नाद गेला."

मी आणखी बरंच ओरडलो. त्या अकरा माणसांचंही सांगितलं. ते म्हणाले, "अकरा माणसं रोज बसत्यात. एक्सल ह्योच तुटला." पत्रा त्यांनी काढला नाही. मी ती सगळी खेप मालवाल्याच्या दारात नेऊन आपटली.

त्या दिवसापासून खरेदीला जाताना मी खिशात हातोडी ठेवू लागलो. दुकानात बसून माल टांगायचा, वाजवायचा, मुका असेल तर परत. वर्षभरात माझा कान बराच तयार झाला. आणि खरं सांगायचं तर, मी त्याचा धंदाही केला. चांगला बोलका माल समोर असताना तोंड वाकडं करून "मुका वाटतोय हो" म्हणायचं आणि भाव पाडायचा. ही गोष्ट येसबांच्या कानावर गेली. पुढच्या वेळी मी शेडमध्ये गेलो तेव्हा ते चहा ओतत होते. कप माझ्याकडे सरकवत हळूच म्हणाले, "शेटजी, कान इकायला काढलासा म्हनं?"

मी चहा न पिता उठलो. राग आला होता. पण तो डाव मी पुन्हा खेळलो नाही. शब्द जिभेवर यायचा आणि तिथंच थांबायचा.

पुढे नवीन गाड्या आल्या. आधी जीप म्हणजे एकच चेहरा होता. पत्रा, कॅनव्हास, दणका देणाऱ्या सीटा आणि फोर व्हील घालायला जमिनीतून उगवलेला दांडा. नव्या गाड्यांना काचा, मऊ सीटा, थंड हवा आणि फोर व्हीलसाठी एक बटण. बोळात नंबर लावून बसलेल्यांत दोन पक्ष पडले. जुन्या जीपवाल्यांच्या मते नव्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. नव्यावाल्यांच्या मते जुनी जीप म्हणजे चाकं लावलेला नांगर. आणि दोघांनाही निकाल येसबांकडूनच हवा होता.

पेठ वडगावचे चौगुले अण्णा दोन्ही पक्षांत होते. त्यांच्याकडे वीस वर्षांची जीप होती आणि त्यांनी हौसेनं नवी गाडीही घेतली. उसाच्या फडातून आणि डोंगरातल्या शेतावर दोन्ही गाड्या त्यांचा ड्रायव्हर शिवाच चालवायचा. नव्या गाडीच्या मागच्या एक्सलचं ऑइल सील, तेल आत धरून ठेवणारी रबराची कडी, सहा महिन्यांत तीनदा गेलं. तेल चाकातून गळून ब्रेकवर यायचं. फक्त त्यांचंच नाही, त्या मोसमात राधानगरी भागातल्या बहुतेक नव्या गाड्यांची सीलं अशीच गेली. येसबांच्या भिंतीवर सीलांची रांग लागली. त्यातली पाच माझ्या दुकानातली.

मी पुन्हा भांडायला गेलो. अण्णाही तिथंच होते आणि माझ्यापेक्षा जोरात ओरडत होते. "मिस्त्री, जुनी ती जुनीच. ह्या नव्यात नुसतं रबर भरलंय. आणि तेबी ह्या शाहूपुरीच्या शेटनं इकलंय."

"माझ्या सीलाला नाव ठेवू नगासा अण्णा," मी म्हणालो. "तुमचा ड्रायव्हर गाडी न्हाय, रेडा हाकतोय."

येसबा म्हणाले, "रविवारी दोनी गाड्या आणा. शेटजी, तुमीबी या. वरडायचं असंल तर आज वरडून घ्या. रविवारी गप बसायचं."

रविवारी त्यांनी शेडच्या फरशीवर दोन धुतलेली पोती पसरली. एका पोत्यावर जुन्या जीपचा मागचा एक्सल पूर्ण सोडवून मांडला, दुसऱ्यावर नव्या गाडीचा. पहिल्या पोत्यावरच्या पार्टासमोर दुसऱ्यावरचा तोच पार्ट. बघायला निम्मं उद्यमनगर जमलं होतं. येसबा उकिडवे बसून एकेक पार्ट उचलत, रॉकेलच्या फडक्यानं पुसत आणि बोलत.

"गिअरचं दात. जुन्याचं जाड हायत. नव्याचं बारीक, पर बगा, घासलंय किती सारखं. ह्ये मशिनीनं केलंय, हातानं न्हाय. नवं चांगलं."

जुन्या जीपवाल्यांत चुळबूळ झाली.

"बेरिंग. नवं चांगलं. ह्यात वादच न्हाय. ह्या गिअरच्या घराचं लोखंड, जुनं चांगलं. ह्ये दगडावर आपटलं तर दगुड फुटंल. नव्याचं बी वंगाळ न्हाय, पर दगुड बगून चालवाय पायजे. बटण..." इथे ते थांबले आणि हसले. "बटण चिखलात चालत न्हाय. दांडाच बरा. हात घातला की कळतंय, लागलं का न्हाय ते."

"आनी सील?" अण्णांनी विचारलं.

येसबांनी नवं सील हातात घेतलं, दोन बोटांनी दाबलं, उजेडाकडे धरलं. "सील नव्या गाडीचंच चांगलं. जुन्याला तर चामड्याचं हुतं. कायम ठिबकायचं. ह्ये का गेलं त्येच कळंना."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. नव्या गाडीचं तेल सोडताना त्यांनी ते घमेल्यात धरलं होतं. ते आता त्यांनी मापानं मोजलं. सील गळून गळूनही तेल मापापेक्षा जास्त भरलं. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच.

"शिवा," ते म्हणाले, "ह्यात तेल कुणी भरलं?"

"मीच की मिस्त्री."

"तेल भरायच्या भोकाच्या बराबर भरायचं असतंय. ह्ये जास्त कसं बसलं?"

शिवा गोंधळला. मग अगदी सरळ मनानं म्हणाला, "एक चाक इटांवर चडवून, गाडी कलती करून भरलं. वरनं पाव लिटर ठिबकणीचं. तुमीच शिकवल्यालं न्हवं का?"

सगळ्यांचे डोळे येसबांकडे वळले.

हे खरं होतं. जुन्या जीपची सीलं ठिबकायची. डोंगरात दोन-चार दिवस राहिलं की एक्सल कोरडा पडायचा. म्हणून येसबांनीच वीस वर्षं प्रत्येक ड्रायव्हरला शिकवलं होतं की गाडी विटांवर कलती कर, म्हणजे भोक वर जातं, आणि वर पाव लिटर घाल. त्या तेलाला सगळा भाग 'ठिबकणीचं तेल' म्हणायचा. ड्रायव्हर लोक ते देवाला निवद दाखवावा तितक्या नेमानं घालायचे. नव्या गाड्या ठिबकतच नव्हत्या. ते जास्तीचं तेल आत तापून, फेसाळून फुगायचं आणि बाहेर पडायला वाट शोधायचं. वाट म्हणजे सील. चांगलं सील फोडूनच ते बाहेर यायचं.

माझ्या तोंडात आलं होतं, "बघा, म्हणालो होतो ना." मी ते बोललोही. अर्धंच बोललो. येसबांचा चेहरा बघून उरलेलं गिळलं.

ते उठले. भिंतीवरची सगळी सीलं एकेक करून खाली उतरवली, माझी पाचही. मग कोपऱ्यातून पत्र्याचा एक कोरा तुकडा घेतला, ब्रश बुडवला आणि नेहमीच्या अक्षरात लिहिलं. चूक: तेल जास्त. किती दिवस: वीस वर्षं. कुणाची: यशवंत कांबळे. तो पत्रा त्यांनी भिंतीच्या मधोमध, सगळ्यांच्या वर टांगला.

चौगुले अण्णा कळवळून म्हणाले, "मिस्त्री, आवो ह्ये कशाला? जुन्या गाडीला त्ये बराबरच हुतं की."

"जुनीला हुतं. नवी आली तवा मी परत इचार केला न्हाय." मग ते पोत्यांकडे वळले. "जुनी गाडी चुका पोटात घालत्या. नवी घालत न्हाय. पर अण्णा, चुका आपल्याच हायत की."

पुढच्या महिन्याभरात त्यांनी राधानगरीपर्यंतच्या प्रत्येक ड्रायव्हरला निरोप धाडला. काहींच्या घरी स्वतः एसटीनं गेले. मी धंद्यात भली भली माणसं पाहिली आहेत. चूक झाली की ती मालवाल्यावर, मालवाल्यानं भट्टीवाल्यावर, भट्टीवाल्यानं कोळशावर ढकलायची. स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं वर टांगणारा हा एकच. आणि तो आमच्या कोल्हापूरचा होता, हे मी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना आजही छाती पुढे काढून सांगतो.

माझा राग मात्र राहिलाच. सीलांबरोबर तो जुना एक्सलही उतरवा, असं मी त्या दिवशी म्हणालो होतो. येसबा म्हणाले, "त्यो मुका हुता शेटजी. त्येचा तेलाशी काय संबंध?"

नंतरच्या वर्षांत शोरूमवाल्यांचा जमाना आला. एक बुश गेला तरी अख्खा सेट घ्या म्हणू लागले. सुटा पार्ट मागितला की काउंटरवरचा पोरगा कॉम्प्युटरकडे बघून मान हलवायचा. येसबा म्हणायचे, "बटण तुटलं तर सदरा बदला म्हंत्यात. माल झ्याक हाय, पर इकायची रीत वंगाळ." माझं डोकं वेगळ्या दिशेला चाललं होतं. गिऱ्हाइकाला सुटा एक्सल हवा आहे आणि तो कुणी देत नाही. मग मीच का करू नये? दोन हजार सात-आठच्या सुमाराला मी उद्यमनगरातच एका भट्टीवाल्याला धरलं, पोलाद स्वतः निवडलं आणि नव्या-जुन्या दोन्ही गाड्यांना बसतील असे एक्सल घडवून घेतले. पहिल्यांदाच माझं नाव दुकानाच्या पाटीवर नव्हे, लोखंडात ठोकलेलं होतं. पहिली खेप चोवीस नगांची. दुकानदारांना शब्द दिलेला होता आणि सोमवारी माल धाडायचा होता. पण येसबांनी वाजवून पाहिल्याशिवाय एकही नग बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे मी ठरवलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या मालाला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. तेवढं एकदा ऐकायचं होतं.

शनिवारी सकाळी टेम्पोत माल घालून गेलो. ते शेडमध्ये बसत असले तरी आता काम फार घेत नव्हते. दारात त्यांच्या मालकीण, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, डबा घेऊन उभ्या होत्या. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, त्यास्नी ऐकू येईना झालंय. वरीस झालं. मी हाका मारून मारून दमलो. तोंडाकडं बगून वळकत्यात, म्हणून कुणाला कळत न्हाय. तुमीबी कुटं बोलू नगासा."

मी टेम्पोशी उभा राहिलो. दोन फाउंड्र्यांच्या मध्ये चाळीस वर्षं. माल तसाच परत न्यावा असं वाटलं. पण येसबांनी मला पाहिलं होतं. त्यांनी हातानं खूण केली, आत आणा.

तार बांधलेलीच होती. पहिला एक्सल त्यांनी टांगला. माझ्या नावाच्या ठशावरून अंगठा फिरवला. हातोडी मारली. नाद घुमला. मग ते माझ्याकडे वळले.

"शेटजी, माझं कान गेलं. तुमास्नी वैनीनं सांगिटलंच आसंल, त्या 'कुणाला सांगू नगासा' म्हणून सगळ्यास्नी सांगत्यात. मी मारतो. तुमी ऐका आणि सांगा."

"माल माझा हाय मिस्त्री," मी म्हणालो. "मीच कसं सांगू?"

त्यांनी माझे ओठ वाचले. "तुमचाच हाय म्हणून तर. दुसऱ्याच्या मालाला मुका म्हणाय तुमास्नी कवा जड गेलं न्हाय."

मी हसलो नाही. तेही हसले नाहीत.

एक, दोन, तीन. ते मारायचे, मी म्हणायचो, "बोलतोय." ते मान हलवून नग डावीकडे ठेवायचे. दहा झाले, पंधरा झाले. माझी छाती फुगत चालली होती. माझं लोखंड, माझी भट्टी, काय नाद होता. सतरावा टांगला. त्यांनी मारलं.

ओल्या लाकडावर मारल्यासारखा आवाज.

त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं, वहिनी केव्हाच घरी गेल्या होत्या. भट्टीतून काढून एकत्र गार केलेल्या चोवीस नगांतला एक मुका निघाला, म्हणजे चोवीसच्या चोवीस परत जाणार हे मला माहीत होतं. सोमवार गेला, दुकानदारांना दिलेला शब्द गेला. एक शब्द उच्चारायचा होता, सोळा वेळा उच्चारला होता तोच.

"परत मारा," मी म्हणालो.

त्यांनी परत मारलं.

"मुका," मी म्हणालो. "मुका हाय, मिस्त्री."

त्यांनी माझ्या तोंडाकडे थोडं जास्त वेळ बघितलं. मग खडू घेऊन माझ्या नावाच्या ठशाशेजारी फुली मारली आणि तो नग उजवीकडे, एकटा, भिंतीला टेकवून ठेवला. शाबास नाही, चांगलं नाही, काही नाही. मी मनातून पेटलो होतो. मालावर, भट्टीवाल्यावर आणि त्यांच्यावरसुद्धा.

पुढे दोन महिन्यांनी ते गेले. त्या वेळी मी नव्या खेपेसाठी पोलाद बघायला बाहेरगावी होतो. त्यामुळे त्यांचं माझ्या डोळ्यासमोरचं शेवटचं रूप त्या शनिवारचंच राहिलं आहे. गळ्याचं बटण लावलेला खाकी शर्ट, अंगावर लोखंडाचा कीस. अठरावा एक्सल त्यांनी तारेला लावला, तो हलायचा थांबेपर्यंत हातानं धरला, सोडला आणि मारलं. आणि मग, चाळीस वर्षं उद्यमनगरानं ज्यांच्या तोंडाकडे बघत निकालाची वाट पाहिली, ते येसबा मिस्त्री हातोडी तशीच धरून माझ्या तोंडाकडे बघत थांबले.